सव्वीस गाण्यांचा तह

नोव्हेंबर २००१ मध्ये 'एकोज : द बेस्ट ऑफ पिंक फ्लॉइड' नावाचा दोन सीडींचा संच बाजारात आला. त्यात २६ गाणी होती. सगळ्यांत जुनं गाणं १९६७ सालचं, सगळ्यांत नवं १९९४ सालचं. ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडे तो विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचला. इथवर यात नवल काही नाही. प्रत्येक जुना बँड कधी ना कधी आपल्या गाजलेल्या गाण्यांची मोट बांधतो, कंपनी ती नाताळच्या तोंडावर विकते आणि घरोघरी एक सीडी जाते.

पण हा संच मी जितक्या वेळा ऐकला, तितक्या वेळा मला तो गाण्यांच्या यादीपेक्षा तहाचा मसुदा वाटत आला आहे. चार माणसं, ज्यांतली दोन वीस वर्षांत एका मंचावर उभी राहिली नव्हती आणि कोर्टाच्या पायऱ्या चढून आली होती, त्यांनी आपला सामायिक इतिहास कुठल्या क्रमानं सांगायचा हे ठरवलं. या यादीत काय आहे, काय नाही आणि कशानंतर काय येतं, हे नीट पाहिलं की त्या भांडणाची सगळी वळणं दिसायला लागतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. आज तुमच्या फोनवर गाणं हे एकटं येतं. यादीतून, रीलमधून, कोणाच्या तरी स्टेटसमधून. १९६०च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये काही तरुण बँड बरोबर उलट्या दिशेनं निघाले होते. गाणं तीन मिनिटांचंच का असावं, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी पाश्चात्त्य अभिजात संगीतातून लांब रचना घेतल्या, जॅझमधून मोकळीक घेतली, स्टुडिओतली यंत्रं वाद्यासारखी वापरली. या प्रकाराला प्रोग्रेसिव्ह रॉक असं नाव पडलं. किंग क्रिमझन, येस, जेनेसिस ही यातली मोठी नावं. पिंक फ्लॉइड त्यांतलं सगळ्यांत लोकप्रिय.

या मंडळींचं एकक होतं अल्बम. तबकडीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटांचं संगीत बसायचं, मग ती उलटायची. 'मेडल' या १९७१च्या अल्बमची अख्खी दुसरी बाजू 'एकोज' या एकाच रचनेनं व्यापली आहे. साडेतेवीस मिनिटं! १९७३च्या 'द डार्क साइड ऑफ द मून'मध्ये एक गाणं संपतं कुठे आणि दुसरं सुरू होतं कुठे, हेच कळू नये अशी योजना आहे. तो अल्बम अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत १९८८ पर्यंत एकूण ७४१ आठवडे होता. आणि डिसेंबर १९६८ नंतर जवळपास अकरा वर्षं या बँडनं ब्रिटनमध्ये एकही सिंगल काढलं नाही. १९७९ मध्ये 'अनदर ब्रिक इन द वॉल'चा दुसरा भाग काढला, तो थेट पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला.

म्हणजे ज्या बँडनं 'हिट' ही कल्पनाच बराच काळ दाराबाहेर ठेवली, त्याच्या 'हिट' गाण्यांचा संग्रह करायचा म्हणजे नेमकं काय करायचं? हा प्रश्न २००१च्या आधीही तीनदा आला होता आणि तिन्ही वेळा त्याचं उत्तर अर्धवट राहिलं होतं.

पहिल्यांदा १९७१ मध्ये. 'रेलिक्स' नावाचा स्वस्तातला संग्रह निघाला. सुरुवातीची सिंगल्स, त्यांच्या मागच्या बाजूची गाणी असं बरंच काही त्यात होतं. मुखपृष्ठावरचं विचित्र यंत्राचं रेखाटन ड्रमवादक निक मेसननं केलं होतं. नावाचाच अर्थ अवशेष. बँड अजून ऐन भरात यायचा होता आणि कंपनीनं त्याची अडगळ आवरून विकायला काढली होती.

दुसरा संग्रह १९८१चा. 'अ कलेक्शन ऑफ ग्रेट डान्स साँग्ज'. नाव शुद्ध चेष्टेचं, कारण यावर नाचायचं ठरवलं तर पंचाईत व्हावी. मुखपृष्ठावर नाचणारं जोडपं आहे, पण त्यांना तंबूसारखं दोरांनी जमिनीला बांधून ठेवलेलं. या संग्रहाची गंमत आतमध्ये आहे. 'मनी' हे गाणं घ्यायचं होतं, पण अमेरिकेत त्या ध्वनिमुद्रणाचे हक्क कॅपिटॉल कंपनीकडे आणि नवा संग्रह काढणार कोलंबिया. कॅपिटॉलनं परवानगी दिली नाही. मग गिटारवादक डेव्हिड गिल्मोरनं गाणं नव्यानं मुद्रित केलं. सॅक्सोफोनसाठी मूळ वादक डिक पॅरीला बोलावलं आणि बाकीची जवळजवळ सगळी वाद्यं एकट्यानं वाजवली. पैशावरचं गाणं, आणि पैशाच्या हक्कांवरून त्याची अशी दुसरी प्रत! तिसरा संग्रह, 'वर्क्स', १९८३ मध्ये त्याच कॅपिटॉलनं आपल्याकडच्या मालातून काढला.

या तिन्ही वेळा निवड ठरवली ती मुख्यतः कंपन्यांच्या सोयीनं आणि हक्कांच्या कुंपणांनी. कात्री पूर्णपणे बँडच्या हातात आली ती २००१ मध्ये. पण तोवर बँड म्हणजे नक्की कोण, हाच वाद झाला होता.

तो वाद थोडक्यात सांगतो. १९६५च्या सुमारास लंडनमध्ये सिड बॅरेट, रॉजर वॉटर्स, रिचर्ड राइट आणि निक मेसन एकत्र आले. गाणी लिहायचा, गायचा, चेहरा असायचा तो बॅरेट. बँडचं नावही त्याचंच, पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल या दोन अमेरिकी ब्लूज गायकांवरून घेतलेलं. १९६७ मध्ये पहिला अल्बम आला आणि त्याच वर्षात बॅरेटची मानसिक अवस्था ढासळत गेली. एलएसडीचं सेवनही भरपूर होतं. जानेवारी १९६८ मध्ये गिल्मोरला सोबतीला घेतलं आणि एप्रिलपर्यंत बॅरेट बाहेर पडला होता. पुढे लेखणी हळूहळू वॉटर्सकडे गेली. 'डार्क साइड'चे सगळे शब्द त्याचे. 'द वॉल'च्या काळात राइटला बँडमधून काढलं गेलं आणि नंतर दौऱ्यात पगारी वादक म्हणून घेतलं गेलं. १९८३चा 'द फायनल कट' तर सगळाच वॉटर्सनं लिहिलेला. डिसेंबर १९८५ मध्ये वॉटर्स बाहेर पडला. त्याच्या मते बँड संपला होता. गिल्मोर आणि मेसनच्या मते संपला नव्हता. १९८६ मध्ये प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात गेलं आणि १९८७च्या नाताळाच्या आसपास, थेम्स नदीवरच्या गिल्मोरच्या 'अ‍ॅस्टोरिया' या बोटीवर तडजोड झाली. नाव गिल्मोर-मेसनकडे राहिलं. त्या नावानं त्यांनी १९८७ मध्ये आणि १९९४ मध्ये आणखी दोन अल्बम काढले.

आता २००१चा संग्रह करणाऱ्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. सोपा मार्ग म्हणजे कालानुक्रम. पण कालानुक्रम दिसतो तितका निरुपद्रवी नसतो. १९६७ पासून सुरू करून १९९४ वर थांबलात, तर गोष्ट अशी होते : बॅरेटनं सुरू केलं, वॉटर्सनं मोठं केलं, मग तो गेला आणि बँड त्याच्याशिवाय पुढे चालू राहिला. शेवटचा शब्द गिल्मोरचा. वॉटर्सला हे मान्य व्हावं कसं? उलट १९८३ वर थांबलात, तर पुढची दोन अल्बम खरी नव्हेतच असा निकाल लागतो. तो गिल्मोर आणि मेसनला कसा मान्य व्हावा?

तेव्हा क्रमच मोडला. निवडीत चौघांचा सहभाग होता आणि हे सगळं बांधायचं काम होतं जेम्स गथ्री या ध्वनितंत्रज्ञाकडे, जो 'द वॉल'पासून त्यांच्याबरोबर होता. त्यानं २६ गाणी एकमेकांत अशी मिसळली की मध्ये शांतता जवळपास उरतच नाही. १९६७ नंतर १९७९, मग १९७१, पुन्हा १९७९, मग १९९४, मग १९७३. ऐकणाऱ्याला वाटतं, व्वा, काय कल्पक मांडणी! कल्पक आहेच. पण माझ्या मते ती गरजेतून आलेली कल्पकता आहे. काळच काढून टाकला की आधी कोण आणि नंतर कोण, मालक कोण आणि वारस कोण, हे प्रश्न विचारताच येत नाहीत.

वाटणीचा हिशेबही मी मांडून पाहिला. बॅरेटची गाणी पाच. वॉटर्स गेल्यानंतरच्या काळातली गाणीही पाच. मधल्या काळातली सोळा. त्यांत 'डार्क साइड'ची चार, 'वॉल'ची चार. 'फायनल कट'मधलं फक्त एक, पण त्याच्या जोडीला 'व्हेन द टायगर्स ब्रोक फ्री' आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या अँझिओला मारल्या गेलेल्या आपल्या वडिलांवर वॉटर्सनं लिहिलेलं हे गाणं १९८२ मध्ये सिंगल म्हणून आलं होतं, पण बँडच्या कुठल्याच अल्बमवर त्याला जागा मिळाली नव्हती. ती इथे मिळाली. कोणी तराजू घेऊन बसलं होतं असं मी म्हणत नाही. पण तराजू घेऊन बसलं असतं, तरी याहून वेगळं काही निघालं नसतं.

तहात काही प्रदेश सोडूनही द्यावे लागतात. १९६९ ते १९७२ या काळातले 'मोअर', 'उम्मागुम्मा', 'अ‍ॅटम हार्ट मदर' आणि 'ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स' हे चार अल्बम इथे नाहीतच. एकही गाणं नाही. ही ती वर्षं आहेत जेव्हा बॅरेट गेल्यावर काय करायचं हे कोणालाच कळत नव्हतं, म्हणून ते सिनेमांना संगीत देत होते, वाद्यवृंद आणून बघत होते, एकेकट्यानं अर्धी-अर्धी बाजू भरत होते. 'डार्क साइड'ची पायाभरणी याच धडपडीत झाली. पण संग्रहांना धडपड नको असते, पोचल्याचा क्षण हवा असतो. आपण शाळेत शिकलेल्या इतिहासातही लढाया असतात, मधली तयारीची वर्षं नसतात. तसंच हे.

आणि कात्री चालली ती गाण्यांच्या आतही. 'एकोज' साडेतेवीस मिनिटांवरून साडेसोळावर आलं. 'मरून्ड' साडेपाचवरून दोनवर. 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' मुळात नऊ भागांत अल्बमच्या दोन टोकांना विभागलेलं आहे, इथे सात भाग सलग जोडून साडेसतरा मिनिटांचं झालं. कारण व्यवहारी होतं. एका सीडीत ऐंशी मिनिटांच्या आसपास मावतं आणि या दोन्ही सीडी जवळजवळ काठोकाठ भरल्या आहेत. मी हा संग्रह आधी ऐकला आणि मूळ अल्बम नंतर. त्यामुळे मूळ 'एकोज' पहिल्यांदा ऐकताना मला ते कोणीतरी ताणल्यासारखं वाटत होतं. त्यातला राइटच्या पियानोचा तो एकच थेंबासारखा स्वर, पुढे गिल्मोरनं पेडलची जोडणी उलटी करून काढलेले किंचाळणारे आवाज, हे सगळं आपल्याला घाई नाही असं सांगत होतं आणि माझ्या कानाला घाईची सवय झाली होती. आता मात्र मला छोटं 'एकोज'च अपुरं वाटतं. तरी हेही खरं, की ते छोटं नसतं तर मी मोठ्यापर्यंत गेलोच नसतो.

संग्रह छापला की तो गोठतो, हीसुद्धा इतिहासाच्या पुस्तकासारखीच गोष्ट. 'द ग्रेट गिग इन द स्काय'मध्ये शब्द नाहीत. क्लेअर टॉरी नावाच्या तरुण गायिकेनं जानेवारी १९७३ मध्ये स्टुडिओत उभं राहून नुसत्या आवाजानं ते भरून टाकलं आणि त्याचे तिला ३० पौंड मिळाले. गाणं राइटच्या एकट्याच्या नावावर राहिलं. २००४ मध्ये ती कोर्टात गेली, २००५ मध्ये तडजोड झाली आणि रचनाकार म्हणून राइटबरोबर तिचंही नाव लागायला लागलं. २००१च्या तहात चौघांचं म्हणणं ऐकलं गेलं. टॉरी तेव्हा खोलीच्या बाहेरच होती.

आणि आता या संग्रहातली मला सगळ्यांत आवडणारी जागा. दुसऱ्या सीडीचा शेवट. 'विश यू वेअर हिअर' येतं, १९७५चं, नसलेल्या माणसाला उद्देशून. त्या अल्बमवर बॅरेटची सावली आहे. जून १९७५ मध्ये त्याचं काम चालू असताना एक जाडा, टक्कल केलेला, भुवया काढलेला माणूस अ‍ॅबी रोड स्टुडिओत येऊन उभा राहिला. तो बॅरेट आहे हे जुन्या मित्रांच्या बराच वेळ लक्षात आलं नव्हतं. ते गाणं संपतं आणि लगेच येतं 'जगबँड ब्लूज'. बॅरेटनं या बँडसाठी लिहिलेलं आणि अल्बमवर आलेलं शेवटचं गाणं, १९६८चं. ज्याची आठवण काढली, तोच उत्तर द्यायला येतो. त्यानंतर १९९४चं 'हाय होप्स', ज्यात गिल्मोर केंब्रिजमधल्या लहानपणाकडे वळून बघतो. बॅरेट, वॉटर्स, गिल्मोर तिघंही त्याच गावचे. आणि सगळ्यांत शेवटी, २६वं, 'बाइक'. बॅरेटचं १९६७चं, सायकल आणि उंदीर असलेलं, वेडगळ आणि गोड.

पहिलं गाणंही बॅरेटचंच आहे, 'अ‍ॅस्ट्रॉनॉमी डॉमिनी'. म्हणजे ज्यांचं एकमेकांशी जमेना त्यांनी पहिला आणि शेवटचा शब्द अशा माणसाला दिला, ज्यानं तेहतीस वर्षांपूर्वी बँड सोडला होता आणि जो केंब्रिजमध्ये चित्रं काढत, बागकाम करत अज्ञातवासात राहत होता. हक्क सांगायला तो येणार नव्हता. म्हणूनच त्याला मध्यभागी ठेवणं सगळ्यांना परवडलं असेल, असं एक मन म्हणतं. दुसरं मन म्हणतं, त्यांना त्याचं देणं लागत होतं. जुन्या गाण्यांचे पैसे बॅरेटपर्यंत पोचतील याकडे गिल्मोर लक्ष ठेवून असायचा. लाखोंनी खपणाऱ्या संचावर पाच गाणी, हा हिशेब पैशातही मोजता येतो. २००६ मध्ये बॅरेट वारला.

तहानंतर सैन्यं आपापल्या छावण्यांत परत गेली. एकदाच, २ जुलै २००५ रोजी, लंडनच्या हाइड पार्कमध्ये 'लाइव्ह ८' कार्यक्रमात वॉटर्स, गिल्मोर, राइट आणि मेसन चोवीस वर्षांनी एकत्र वाजले. पुढच्या आठवड्यात एचएमव्ही दुकानांतली 'एकोज' संग्रहाची विक्री १३४३ टक्क्यांनी वाढली. गिल्मोरनं आपल्याला होणारा जास्तीचा नफा दान करायचं जाहीर केलं. वॉटर्स स्वतंत्रपणे अख्खे अल्बम घेऊन जगभर फिरत राहिला. फेब्रुवारी २००७ मध्ये मुंबईत त्यानं 'डार्क साइड' पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमानं वाजवला. २००८ मध्ये राइट गेला आणि चौघांचं पुन्हा जमणं कायमचं थांबलं.

मार्च २०१० मध्ये पिंक फ्लॉइड पुन्हा लंडनच्या कोर्टात होतं, या वेळी ईएमआय कंपनीविरुद्ध. करारात एक कलम होतं : बँडच्या परवानगीशिवाय अल्बम फोडून गाणी सुटी विकायची नाहीत. कंपनी म्हणाली, ते तबकड्या आणि सीडींसाठी होतं, इंटरनेटला लागू नाही. न्यायाधीशांनी बँडच्या बाजूनं निकाल दिला. अनेकांना तेव्हा हसू आलं असणार. स्वतःच 'एकोज'ची सात मिनिटं कापणारे आता अल्बमच्या अखंडतेबद्दल बोलत आहेत!

मला यात विसंगती दिसत नाही. १९८१ मध्ये एका कंपनीच्या नकारामुळे गाणं पुन्हा वाजवावं लागलं. २००१ मध्ये कुठे कापायचं ते त्यांनी ठरवलं. २०१० मध्ये ते दुसऱ्या कोणी ठरवू नये म्हणून ते भांडले. प्रश्न कापण्याचा नव्हताच, कात्री कोणाच्या हातात याचा होता. ती फार काळ हातात राहिली नाही हेही खरं. जानेवारी २०११ मध्ये त्यांनी कंपनीशी नवा करार केला आणि सुटी गाणी विकायला परवानगी दिली. जून २०१३ मध्ये त्यांची गाणी स्पॉटिफायवर आली. तिथे 'विश यू वेअर हिअर' दहा लाख वेळा ऐकलं गेलं की बाकीचं सगळं खुलं होईल अशी अट होती आणि ती काही दिवसांतच पुरी झाली.

आता निवड फोन करतो. गाण्यांखालचे आकडे बघून पहिली पाच आपल्यासमोर ठेवतो, आणि ती निवड कोणी भांडून, घासाघीस करून, मन मोठं करून केलेली नसते. तिच्यात सोडून दिलेले प्रदेश नसतात आणि कोणाचं देणंही फेडलेलं नसतं. ती वाईट आहे असं नाही. तिला फक्त इतिहास नाही.

तुम्हाला वाटलं तर मूळ अल्बमांतून ही सव्वीसच्या सव्वीस गाणी उचलून त्याच क्रमानं यादी करता येईल. क्रम मिळेल, गथ्रीनं घातलेले सांधे मिळणार नाहीत. सगळी नकोत, तर शेवटची चारच लावा : 'विश यू वेअर हिअर', 'जगबँड ब्लूज', 'हाय होप्स', 'बाइक'. वीसेक मिनिटं लागतील. शफल तेवढं बंद ठेवा.